कबड्डी संघ बारा महिने एकत्र ठेवा : पेण-रोह्यातून खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सरकार्यवाह आणि निवड समितीचे सदस्य,
महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशन



पेण आणि रोहा हे शेजारचे दोन तालुके. जानेवारी २०१९ मध्ये पुरुषांची ६६वी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा रोह्यात भरली, हे इथला कबड्डीवेडा माणूस अजून अभिमानाने सांगतो. कुंडलिकेकाठच्या या छोट्या शहरात देशभरातले संघ उतरले होते आणि महाराष्ट्र तिथे गतविजेता म्हणून आला होता. वर्षभरापूर्वीच, जानेवारी २०१८ मध्ये, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला ३४-२९ असे हरवून तब्बल ११ वर्षांनी विजेतेपद मिळवले होते. गिरीश इर्नाकची पकड आणि नव्याने पुढे आलेल्या सिद्धार्थ देसाईची चढाई ज्यांनी पाहिली होती, त्यांना रोह्यात चषक राखला जाईल याची खात्री वाटत होती. तो रेल्वेने नेला.

एक स्पर्धा हरणे यात वावगे काही नाही. पण त्यानंतर जयपूर झाले, अयोध्या झाली, चरखी दादरी झाली, २०२४ मध्ये अहमदनगर आणि २०२५ मध्ये कटक झाले. या सगळ्या वर्षांत पुरुषांचे विजेतेपद रेल्वे आणि सेनादल या दोघांच्याच घरी राहिले. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ अंतिम फेरीपर्यंत गेले. पुरुषांना उत्तर प्रदेशने आणि महिलांना हिमाचल प्रदेशने हरवले. दोन्ही पदके रौप्य. अंतिम फेरी गाठणारा संघ दुबळा नसतो. मग शेवटची पायरी चढताना तो का अडखळतो, याचा विचार मोकळेपणाने व्हावा म्हणून हे पत्र आपल्या नावे आणि जाहीरपणे लिहिले आहे.

खेळाडूंत खोट आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेसाठीच्या भारतीय संघात रिशांक आणि गिरीश होते. हांगझोऊला ऑक्टोबर २०२३ मध्ये इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्ण परत आणणाऱ्या संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे होते. त्याच स्पर्धेत महिलांच्या सुवर्णविजेत्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईवर प्रो कबड्डीच्या २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख रुपये लावले. देशभरातले प्रशिक्षक, निवडकर्ते आणि संघमालक ज्यांच्यावर विश्वास टाकतात, तीच मुले राज्याची जर्सी घातली की सुवर्णापासून दूर राहतात. म्हणजे दोष मुलांच्या अंगात नसून त्यांना एकत्र आणण्याच्या आपल्या पद्धतीत आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुण्याचाच आहे. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम होता. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि सामना फिरला. बचावात संकेत सावंत उभा होता. संघात हरियाणाचे, तामिळनाडूचे आणि इराणचेही खेळाडू होते, हे खरे. पण कणा मराठी मुलांचा होता. त्या मोसमात साखळीतल्या २२ सामन्यांत पलटण फक्त २ हरली. आधीच्या मोसमात हाच संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला होता. तेव्हा व्यवस्थापनाने संघ मोडला नाही. तरुण मुले ठेवली, प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली तीच मुले आणखी एक वर्ष एकत्र राहिली, एकत्र जेवली, एकमेकांच्या चुका ओळखू लागली. जिंकण्याआधी एकत्र हरण्याची संधी त्यांना मिळाली.

पलटणच्या या विजयाला तीन आठवडे होतात न होतात तोच अहमदनगरच्या वाडिया पार्कवर वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. विजेतेपद सेनादलाला मिळाले.

राज्याचा संघ कसा बनतो हे कबड्डीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धा होते, तिच्यातल्या कामगिरीवरून संभाव्य खेळाडू निवडले जातात, काही दिवसांचे शिबिर लागते आणि संघ गाडीत बसतो. मुंबई शहरचा डावा कोपरारक्षक आणि सांगलीचा डावा मध्यरक्षक शेजारी शेजारी उभे राहतात, पण आदल्या महिन्यात ते एकमेकांविरुद्ध खेळलेले असतात. कबड्डीतला बचाव हा विश्वासाचा खेळ आहे. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातला की शेजाऱ्याने पाऊण सेकंदाच्या आत अंगावर झेपायचे असते. तो विचार करत बसला तर चढाईपटू मध्यरेषेला बोट लावून मोकळा होतो आणि एकाऐवजी दोन गुण जातात. ही वेळ साधायला शेकडो वेळा एकत्र पकड करावी लागते. चांगला चढाईपटू एकट्याच्या बळावर गुण आणू शकतो. चांगला बचाव एकट्याने होत नाही. महाराष्ट्राचा संघ पहिल्या सत्रात रंगतो आणि अखेरच्या पाच मिनिटांत सुटत जातो, त्यामागे हेच कारण आहे.

उलट रेल्वे आणि सेनादलाकडे पाहावे. तिथे खेळाडू पगारावर असतो. त्याचे काम खेळणे हेच असते. सराव, आहार, दुखापतीवरचे उपचार, स्पर्धेची रजा हे सारे नोकरीचाच भाग असते. देशातल्या कोणत्याही राज्यातला गुणी मुलगा ते भरती करू शकतात आणि एकदा भरती झाला की तो त्यांच्याच जर्सीत खेळतो. घरची जमीन दोन-चार गुंठे असलेल्या मुलाने रेल्वेची कायमची नोकरी नाकारून राज्यासाठी वाट पाहावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याला दोष देऊ नये. त्याला थांबण्यासारखे काही द्यावे.

महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. एके काळी मुंबईच्या कंपन्यांचे संघ हाच राज्याच्या कबड्डीचा आधार होता. भारत पेट्रोलियम, महिंद्रा, एअर इंडिया, देना बँक यांच्या व्यावसायिक गटातल्या लढती पाहायला मैदाने भरत. त्यांतल्या काही कंपन्या बंद झाल्या, विकल्या गेल्या वा विलीन झाल्या. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात मिसळली. आरक्षणातून नोकरी मिळते ती एकट्या खेळाडूला, आणि ती त्याला एखाद्या कार्यालयात, एखाद्या जिल्ह्यात घेऊन जाते. चांगले सात खेळाडू सात जिल्ह्यांत कारकुनी वा बंदोबस्त करत असतील तर संघ कुठे तयार होणार? असोसिएशनने शासनाकडे नवे आरक्षण मागण्याची गरज नाही. आहे त्याच आरक्षणातून आलेल्या कबड्डीपटूंना एका ठिकाणी, एका वर्षासाठी, खेळण्याच्या कर्तव्यावर पाठवण्याची मागणी करावी. पोलिसांचे संघ हे करतात. मग राज्याच्या संघालाही ते जमायला हवे.

आता पेण-रोह्याकडे येऊ, कारण निवड समितीला मुंबईत बसून जे दिसत नाही ते इथे रोज दिसते.

दिवाळी सरली की इथल्या गावांतून कबड्डीचा हंगाम उघडतो. वाशी, वडखळपासून कोलाड, नागोठण्यापर्यंत कुठे गावदेवीची यात्रा, कुठे मंडळाचा वर्धापनदिन. तांबडी माती चाळून, पाणी मारून मैदान तयार होते, दिवे लागतात, ध्वनिक्षेपकावर संघांची नावे पुकारली जातात. संघातला एक जण धाटावच्या रासायनिक कारखान्यातली पाळी संपवून आलेला असतो, दुसरा डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, तिसरा हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात मूर्तींना हात देणारा. ही मुले दमाची आणि पायाची पक्की असतात. पण मे संपला की पावसाला सुरुवात होते आणि मैदान चार महिने बंद. रायगडचा पाऊस सवलत देत नाही. त्यातच पेणच्या कारखान्यांत गणेशोत्सवाआधीचे हे सर्वांत घाईचे दिवस. तेवढ्या काळात मुलगा सरावापासून पूर्ण तुटतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा शून्यापासून उभा राहतो.

दुसरी अडचण मातीचीच. राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होतात, आणि मॅट हा वेगळा खेळ आहे. मातीत पाय रुतवून चढाईपटूला मांडीत पकडून रोखता येते. मॅटवर बूट घालून खेळताना वळण्याचा वेग दुप्पट जाणवतो, झेप घेणाऱ्याला घसरण्याची भीती राहत नाही, आणि गुडघ्यावरचा ताण मात्र वाढतो. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदान तेच, रेषा त्याच. अंतराचा अंदाज बदलतो. निदानरेषेवरून बोनस रेषेकडे पाऊल टाकायचे की नाही हा निर्णय मातीवर घडलेला मुलगा एका क्षणाने उशिरा घेतो. त्या एका क्षणात सहा बचावपटू त्याच्याभोवती असतात. जो मुलगा बाराव्या वर्षापासून मॅटवर खेळला आहे त्याच्याशी अठराव्या वर्षी मॅट पाहिलेल्या मुलाने बरोबरी करावी, असे आपण दर वर्षी मागत आहोत.

नियमांनीही खेळ बदलला आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचा किंवा बाद व्हायचे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर अव्वल पकडीचा एक गुण जादा. यामुळे पिछाडीवरच्या संघालाही सामना परत खेचता येतो, आणि आघाडीवरच्या संघाला वेळ काढण्याचे शास्त्र शिकावे लागते. कोणी तिसरी चढाई घ्यायची, मुख्य चढाईपटू बाद असताना बोनसवर कोण जाणार, दोन गुणांची आघाडी असताना कोपऱ्याने झेपायचे की थांबायचे, हे सारे आधी ठरलेले आणि घोटलेले हवे. गावच्या एका रात्रीच्या स्पर्धेत ते शिकायला कोणालाच सवड नसते.

या एका रात्रीच्या स्पर्धांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. त्यांनीच हा खेळ खेड्यापाड्यांत जिवंत ठेवला, याबद्दल मंडळांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकाच संघाने चार-पाच सामने खेळायचे, मध्ये थंड पाणी आणि वडापाव, दुसऱ्या दिवशी पाळी, आणि शनिवारी पुन्हा दुसरे गाव, या क्रमात गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात. शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांवर पडतो आणि विशीतला मुलगा प्रेक्षकांत बसतो. मान्यता देताना एका संघाने एका दिवसात जास्तीत जास्त किती सामने खेळावेत याची मर्यादा असोसिएशनने घालावी, आणि नोंदणीकृत खेळाडूचा विमा मान्यतेच्या अटीतच आणावा. यासाठी मोठा निधी लागणार नाही. इच्छा आणि एक परिपत्रक पुरेल.

बाहेरच्या जगाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९९० च्या बीजिंगपासून आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांनी सलग सात सुवर्णे जिंकली होती. २०१८ मध्ये जकार्ताला इराणने त्यांना उपांत्य फेरीत हरवले. फझल अत्राचाली हा इराणचा बचावपटू २०१५ मध्ये प्रो कबड्डीत यू मुम्बाकडून खेळायला आला, इथे शिकला, आणि त्याने ते शिकलेले आपल्या देशाला दिले. महिलांच्या अंतिम फेरीतही इराणने भारताला २७-२४ असे नमवले, आणि इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भाषा वेगळी, खाणे वेगळे, रिवाज वेगळे. तरी या मराठी बाईंनी त्या मुलींना योगासने आणि प्राणायामापासून पकडीपर्यंत सारे शिकवले आणि सुवर्णापर्यंत नेले. जे ज्ञान तेहरानला उपयोगी पडले ते नाशिकपासून दोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या पेणच्या मुलींपर्यंत का पोचू नये? महाराष्ट्रात प्रशिक्षक आहेत. त्यांना एका स्पर्धेपुरते नेमून स्पर्धा संपताच निरोप देण्याची पद्धत थांबायला हवी. किमान तीन वर्षांची नेमणूक द्यावी, पराभवानंतरही त्यांना काम पूर्ण करू द्यावे.

निवडीबद्दल एवढेच. राज्य स्पर्धेत एखाद्या जिल्ह्याचा संघ लवकर हरला की त्यातला चांगला खेळाडूही निवडकर्त्यांच्या नजरेआड जातो. रायगडने ही हळहळ अनेकदा अनुभवली आहे, आणि मराठवाडा-खानदेशच्या जिल्ह्यांनी त्याहून अधिक. प्रत्येक मान्यताप्राप्त स्पर्धेत चढाईच्या यशस्वी आणि अयशस्वी प्रयत्नांची, पकडींची, तिसऱ्या चढाईतल्या कामगिरीची नोंद होऊ शकते. गुणलेखक ते आजही करतातच. ही नोंद गोळा करून दर तिमाहीला जाहीर केली तर निवडीवरची कुजबुज आपोआप कमी होईल आणि निवडकर्त्यांनाही बळ मिळेल.

महिलांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण त्यांच्याकडे पलटणसारखा दुसरा संघ नाही. २०१६ मध्ये महिलांची तीन संघांची छोटी लीग झाली आणि थांबली. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. राज्य शासनाने प्रत्येकीला एक कोटी रुपये दिले, आणि त्या वर्षी कितीतरी घरांत मुलीच्या हातात पहिल्यांदा खेळाची पिशवी आली. पुरुष खेळाडूला राज्याचा संघ हुकला तर लीग असते. मुलीला राज्याचा संघ हुकला तर बहुतेक वेळा खेळच सुटतो, लग्नाच्या बोलणीत विरून जातो. म्हणून बारा महिने चालणारा पहिला संघ महिलांचा असावा, असे या पत्राचे आग्रहाचे म्हणणे आहे.

तो कुठे चालावा? मोठ्या संकुलासाठी बालेवाडी आहेच. पण प्रत्येक गुणी मूल पुण्याला जाऊन राहू शकत नाही. दिवा-रोहा मार्गामुळे पेण, नागोठणे आणि रोहा रेल्वेने जोडलेले आहेत. अलिबाग, सुधागड, माणगाव हाकेच्या अंतरावर आहेत. या पट्ट्यात एक छत असलेले सभागृह, त्यात कायम अंथरलेली दोन मॅटची मैदाने, एक पूर्णवेळ प्रशिक्षक आणि एक फिजिओ, एवढे झाले तर पावसाचे चार महिने वाया जाणार नाहीत. आसपासच्या मोठ्या कारखान्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी असतो आणि जिल्हा नियोजनाकडेही क्रीडांगणांसाठी तरतूद असते. जागा आणि माणसे शोधायला इथली मंडळे तयार होतील, याची खात्री बाळगावी. त्यांच्याकडे असोसिएशनचे मागणीपत्र मात्र हवे. गावच्या मंडळाचा अर्ज आणि राज्य संघटनेचा अर्ज यांना टेबलावर सारखे वजन नसते.

१५ जुलै हा कबड्डीमहर्षी शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिन महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. पुरस्कार दिले जातात, भाषणे होतात. येत्या १५ जुलैला असोसिएशनने त्या व्यासपीठावरून तीन गोष्टी जाहीर कराव्यात : वर्षभर एकत्र राहणाऱ्या पुरुष आणि महिला संभाव्य खेळाडूंची प्रत्येकी पंचवीस जणांची यादी, त्यांच्या प्रशिक्षकांची तीन वर्षांची नेमणूक, आणि छताखालच्या मॅट मैदानांसाठी निवडलेल्या जिल्ह्यांची नावे. रायगडचे नाव त्यात असावे ही विनंती. नसेल तर ते का नाही, हेही त्याच दिवशी कळवावे, म्हणजे इथली मंडळे ऑगस्टपासूनच स्वतःच्या तयारीला लागतील.

कळावे,
पेण आणि रोहा तालुक्यांतले कबड्डीप्रेमी